गादीवाला ॲडमिन

गफ्फार गादीवाल्याला शेत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक गुंठासुद्धा नाही. मोताळ्यात बाजाराच्या रस्त्यावर त्याचं टिनाचं दुकान, दुकानात कापूस पिंजायचं मशीन, आणि मशीनपुढे नाकाला रुमाल बांधून दिवसभर बसलेला तो. भुवयांवर, पापण्यांवर, दाढीवर कापसाची लव. अशा माणसाला तालुक्यातल्या नऊशे कास्तकारांनी आपल्या वॉट्सॅप ग्रुपचा ॲडमिन कसा काय केला, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे तुमचं. पण त्याच्याआधी जे तीन ॲडमिन होऊन गेले ते ऐका, मग विचारा.

ग्रुपचं नाव 'कपाशी मंडळ'. काढला भगवानरावांनी, रिटायर मास्तर, घरची आठ एकर कपाशी. पहिला ॲडमिन बी-बियाण्याचा दुकानदार होता. त्याच्या दुकानातल्या मालाला कुणी नाव ठेवलं की तो मेसेज गायब. दुसरा पुढारी. त्याच्या हातात ग्रुप गेला अन् बोंडअळी राहिली बाजूला, रोज सकाळी साहेबांच्या वाढदिवसाचे फोटो. तिसरा आपला साधा कास्तकार होता, पण त्याचं भावाशी बांधावरून वाजलं. त्यानं भावाला काढलं, भावाच्या साळ्याला काढलं, आणि साळ्याच्या गावचे म्हणून आणखी अकरा नंबर काढले. शेवटी भगवानराव वैतागले. म्हणाले, ज्याले शेत नाई, बियाण्याचं दुकान नाई अन् इलेक्शन नाई, असा मानूस शोधा.

तसा माणूस तालुक्यात एकच निघाला.

शिवाय गफ्फारच्या बापाचं नाव होतं. तो खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचा. तार छेडली की बाया गाद्या बाहेर काढायच्या. गादी उसवली की घरातलं सगळं कळतं हो. कोण आजारी आहे, कोणाचं पोर अजून अंथरूण ओलं करतं, कोणत्या सासूनं कापसात काय लपवून ठेवलंय. म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं ते सगळं पाहिलं आणि कुठं चकार शब्द काढला नाही. अशा बापाचा पोरगा म्हणून लोकांनी गफ्फारवर डोळे मिटून भरवसा टाकला.

त्यानं तीन नियम केले. राजकारण नाही, जात-धरम नाही, जाहिरात नाही. नियम मोडला की मेसेज उडवायचा, पुन्हा मोडला की माणूस उडवायचा. मग तो मामा असो की मावसभाऊ. एकदा त्यानं खुद्द भगवानरावांचा एक फॉरवर्ड उडवला, तेव्हा तर त्याची कीर्ती मलकापूरपर्यंत गेली. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, न्याय पाहावा तर गफ्फारचा. गफ्फार वरवर 'चला हो, काहीबी' म्हणायचा, पण घरी जाऊन अमीनाला ते जसंच्या तसं सांगायचा. अमीना त्याची बायको. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा भाकरीकडे वळायची.

पण बावीस सालात एक गोष्ट घडली. चोर बीटी म्हणतात आमच्याकडे, ज्याला सरकारनं परवानगी दिलेली नाही आणि तणनाशक मारलं तरी जे मरत नाही म्हणतात, ते बियाणं. त्याचा एक व्हिडिओ ग्रुपवर पडला. हिरव्या लुगड्यातली एक बाई, हातात बियाण्याची बॅग, खाली फोन नंबर. गफ्फारला वाटलं, बिचारी माहितीच देतेय, राहू द्या. दोन दिवस राहिली. तेवढ्यात कितीतरी लोकांनी बॅगा मागवल्या आणि फसले. मग ठाण्यातून बोलावणं आलं. ॲडमिन कोण, तूच का, बस. सकाळी अकरापासून पाच वाजेपर्यंत तो बाकड्यावर बसून होता. कोणी बोट लावलं नाही, शिवी दिली नाही. पण बाजाराचा दिवस होता, येणारे-जाणारे खिडकीतून पाहत होते, आणि अमीना डबा घेऊन त्या गर्दीतून आली. त्या दिवसाची आठवण निघाली की आजही त्याचे कान तापतात.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर ग्रुपवर कोणाच्या हातात बॅग दिसली की गफ्फार ती उडवायचाच.

आता त्याची काम करायची तऱ्हा सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. कापसाची लव फोनच्या भोकात जाते म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनशेजारच्या खिळ्याला टांगलेला. एका हातानं मशीनच्या तोंडात कापूस सारायचा, दुसऱ्या हाताचं बोट पिशवीवरूनच फिरवायचं. मशीनचा आवाज असा की मागून ट्रकनं हॉर्न दिला तरी कळू नये. तेव्हा व्हिडिओ ऐकायचा प्रश्नच नाही. तो नुसता पाहायचा. तोंडं हलताना पाहायची, हातात काय आहे ते पाहायचं, आणि निकाल द्यायचा. एकदा भगवानरावांनी विचारलं होतं, बे गफ्फार, तू आयकतो तरी का काही? तो म्हणाला होता, काका, मले चेहरा पाहून समजते. वर्षभर ते खपूनही गेलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण शेळ्या आपोआप चालत होत्या, म्हणून हाकणाऱ्याला वाटलं आपल्याच हाकेनं चालतात.

तेवीस सालच्या जूनची तेरा तारीख. पावसाचा पत्ता नव्हता. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी त्यांनी ठिबकवर कपाशी लावून टाकली होती; बाकी सगळे घरात बॅगा आणून आभाळाकडे पाहत बसले होते. सकाळी दहाच्या सुमारास ग्रुपवर व्हिडिओ पडला. नंबर दयारामचा. मोताळ्यापासून जवळच्याच एका खेड्यातला हा कास्तकार. खेड्याचं नाव घेत नाही, गावाचीही अब्रू असते. पण व्हिडिओत दयाराम नव्हता, त्याची बायको अन्नपूर्णा होती. डोक्यावर पदर, हिरवं लुगडं, हातात बियाण्याची बॅग. बॅग तिनं कॅमेऱ्याजवळ आणली, त्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं, मग बोट हलवून हलवून काही सांगू लागली.

पुढे तिनं गोणपाट उलगडलं होतं. तिथपर्यंत गफ्फारनं पाहिलंच नाही. बाई, लुगडं, बॅग, एवढ्यावर त्याला ठाण्यातलं बाकडं आठवलं. मशीन चालूच होतं. त्यानं पिशवीवरून अंगठा दाबला. व्हिडिओ पडून चार मिनिटंही झाली नसतील, लोक शेतात होते, कोणी उघडला नव्हता, तो उडाला. मग पहिल्याच चुकीला दयारामचा नंबर काढला; काढलेल्याचं नाव ग्रुपवर सगळ्यांना दिसतं. तिकडून लगेच फोन येऊ लागले तेव्हा नंबर ब्लॉकही केला. आणि एवढ्यावर थांबला असता तरी परवडलं असतं. पण न्यायी माणूस तो! त्यानं ग्रुपवर लिहिलं: 'चोर बीटीची जाहिरात इथं चालणार नाही. एक नंबर काढण्यात आला आहे. बाकीच्यांनी समजून घ्यावे.'

चाळीस-पन्नास अंगठे आले. हात जोडलेले आले. कोणीतरी लिहिलं, ॲडमिन असावा तर असा. गफ्फारनं ते दुपारी अमीनाला वाचून दाखवलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. पण फाशी देणाऱ्याला ते कळायला अजून आठवडा होता.

वीस तारखेला दुपारी लाईट गेली. मशीन थांबलं. अमीना डबा घेऊन आली होती आणि दुकानाच्या उंबऱ्यात बसून उशांचे अभ्रे शिवत होती. गफ्फारचा फोन भरला होता म्हणून तो रिकामा करायला बसला. ग्रुपवरून उडवलं तरी आपल्या फोनच्या गॅलरीत व्हिडिओची एक प्रत राहते, हे त्याला ठाऊक नव्हतं. एकेक पुसता पुसता हिरवं लुगडं दिसलं. पुसायच्या आधी बोट चुकून मधोमध पडलं आणि व्हिडिओ सुरू झाला. आणि त्या शांततेत त्याला पहिल्यांदा आवाज ऐकू आला.

"रामराम मंडळी. मी अन्नपूर्णा, दयारामची घरवाली. आमी एक तारखेले बी आनलं, दोनले ठिबकवर लावलं. पानी रोज हाय, तरी शंभरातले वीसबी नाई उगवले. मंग मी उरलेल्या बॅगीतले शंभर दाने मोजून ओल्या गोनपाटात बांधले. सहा दिवस ठेवले. हे पाहा, एकोनीस. हा बॅगीवरचा लॉट नंबर वाचून घ्या. ज्याइच्या घरी हा लॉट असंल त्याइनं पेरू नोका, आधी गोनपाटात टाकून पाहा. बॅग फेकू नोका, पावती फेकू नोका."

मग ती थांबली. पदर सारखा केला, आणि बोट हलवणं सोडून हात जोडले.

"गफ्फारभाऊ, तुमी ॲडमिन हा. माह्यासारख्या बाईच्या बोलन्यावर कोनी भरोसा करनार नाई, तुमच्यावर करतात. तुमी सांगा सगळ्याइले."

व्हिडिओ संपला. अमीनाची सुई थांबली होती. ती त्याच्याशी घरात उर्दूतच बोलायची. तिनं एवढंच विचारलं की बाईनं तुमचंच नाव घेतलं ना. तो हो म्हणाला. मग ती म्हणाली, पाऊस नाही आला अजून, आत्ताच टाका परत. तो म्हणाला, टाकतो.

त्यानं टाकला का? नाही टाकला.

कारणं त्याच्याकडे भरपूर होती, कारणांना काय तोटा. पहिलं कारण, बाईचं म्हणणं खोटं निघालं तर कंपनी दावा लावेल आणि पुन्हा ते बाकडं. दुसरं, लोक आता शेताच्या मशागतीत आहेत, दोन दिवसांनी टाकू. तिसरं, आधी भगवानरावांना विचारू. खरं कारण एकच होतं आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. व्हिडिओ परत टाकायचा म्हणजे नऊशे लोकांना सांगायचं, की तुमचा न्यायी गफ्फार बहिऱ्यासारखा निकाल देतो. बाईनं हात जोडून सांगितलेलं त्यानं ऐकलंच नाही, उलट तिला चोर ठरवलं. त्यानं मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, 'काही तांत्रिक कारणाने' असा सुरू केला, तो वाचून त्याची त्यालाच किळस आली, तोही पुसला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत त्यानं मशीन सुरू केलं. लाईट केव्हाच आली होती.

अमीनानं दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं, आणि ते जास्त वाईट होतं.

बावीस तारखेला दयाराम दुकानात आला. गफ्फारनं त्याला लांबूनच ओळखलं. वाटलं, आता हा चार लोकांत गळपट्टी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. दयारामनं चपला बाहेर काढल्या. मशीन बंद होईपर्यंत उभा राहिला. मग बसला नाही, उभ्या उभ्याच बोलला. त्याचं म्हणणं असं, की बायकोला फोनातलं फारसं समजत नाही, तिनं काहीतरी चुकीचं टाकलं असेल. सोयऱ्याधायऱ्यांत सगळीकडे झालं, की दयाराम चोर बीटी विकतो. तिकडे साळीच्या घरी हळदीला गेले तर लोक विचारतात, भाव काय म्हणून. अन्नपूर्णा म्हणत होती तालुक्याला अर्ज देऊ, पण तो म्हणाला आपणच चोर ठरलो, आपलं कोण ऐकणार. ती शेजारणींना सांगायला गेली, तर ग्रुपनं काढलेल्या बाईचं कोणी ऐकेना. मग त्यानं न उगवलेलं शेत मोडून त्यात मका टाकला आणि विषय संपवला.

"तो व्हिडिओ म्या माह्या फोनातून पुसूनच टाकला, भाऊ," दयाराम म्हणाला. "आता मनातबी नाई ठेवला. आमचं चुकलं असंल तर माफ करा, पन ग्रुपात घ्या. नाक कापल्यावानी झालं."

इथं गफ्फारला सांगता आलं असतं. दोघांशिवाय कोणी नव्हतं, मशीन बंद होतं, व्हिडिओ खिळ्याला टांगलेल्या पिशवीत होता. एवढी सोपी वेळ अल्लाहनं पुन्हा कोणाला देऊ नये. आणि गफ्फारनं काय केलं? चेहरा गंभीर केला. म्हणाला, पुढच्या वेळी ध्यान ठेवा. मग फोन घेतला, ब्लॉक काढला आणि दयारामचा नंबर परत ग्रुपमध्ये घातला. समोरच्या टपरीवरून चहा मागवला. दयारामनं तो उभ्यानंच पिला आणि जाताना दोन्ही हात जोडले.

ते जोडलेले हात गफ्फार विसरू शकत नाही. अन्नपूर्णानं व्हिडिओत जोडलेले, दयारामनं दुकानात जोडलेले. एका घरचे चार हात आपल्यापुढे जोडले गेले, आणि आपण त्यावर चहा पाजला. त्या दिवशी त्यानं डबा तसाच परत नेला. आपली लाज वाटणं म्हणजे काय, हे त्याला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर त्याला वाटायचं लाज म्हणजे ठाण्यातलं बाकडं.

पंचवीस तारखेला पाऊस आला. त्याचं वर्णन करत बसत नाही. दोन दिवस पडला, जमिनीला पेरणीजोगा वाफसा झाला आणि सगळा तालुका पेरायला धावला. ग्रुपवर तिफणींचे फोटो, सऱ्यांचे फोटो. गफ्फार एकेक पाहत होता आणि प्रत्येक फोटोत बॅगेवरचं नाव वाचायचा प्रयत्न करत होता. आताही सांगता आलं असतं, अर्ध्यांचं पेरायचं बाकी होतं. पण आता सांगायचं तर पेरलेल्यांना काय सांगायचं? बैल गेला अन् झोपा केला, असं लोक म्हणणार. बैल जायच्या आधीच याला माहीत होतं, हेही म्हणणार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुसरे फोटो येऊ लागले. रिकाम्या सऱ्या. हाताच्या अंतरावर एक रोप, मग चार हात काही नाही. कोणी माती उकरून कुजलेले रंगीत दाणे तळहातावर दाखवत होतं. भगवानरावांच्या आठ एकरांत गुडघे टेकून बसलेले भगवानराव. लॉट तोच. साठ-पासष्ट घरं निघाली. दुबार पेरणीला बी आणि ओल दोन्ही नाही.

मग तालुक्याचे शेतकी साहेब दयारामच्या गावी पंचनाम्याला येणार म्हणून कळलं. कंपनीचाही माणूस येणार होता, आणि तो काय म्हणणार हे भगवानरावांनी आधीच ओळखलं होतं: पाऊस कमी पडला, जमीन तापलेली होती, तुम्ही खोल पेरलं, आमचं बी चांगलं. पावसाआधी, पाण्यावर लावून कोणाची उगवण गेली असेल आणि त्याचा तारखेसह पुरावा असेल तरच त्याचं तोंड बंद होईल. भगवानरावांनी ग्रुपवर तसं लिहिलं: कोणाकडे असेल तर गुरुवारी पारावर घेऊन या.

गफ्फारनं ते दुकानात वाचलं. मशीन बंद केलं. व्हिडिओ उघडला. त्याला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्याचीही नंतर त्याला लाज वाटली. व्हिडिओच्या शेवटचं काढून टाकायचं. बोटानं ओढलं की शेपूट कापली जाते; त्याला येत होतं ते. लॉट नंबर राहील, गोणपाट राहील, तारीख राहील, लोकांचं काम होईल. फक्त 'गफ्फारभाऊ' जाईल. व्हिडिओ कुठून मिळाला विचारलं तर म्हणू, कोणीतरी पाठवला. त्यानं ओढलं. कापलेला व्हिडिओ पाहिला. 'पावती फेकू नोका' वर बाई थांबली आणि चित्र बंद झालं. हात जोडायच्या आधीच.

आणखी एकदा तोंड दाबलं आपण हिचं, असं त्याला वाटलं. त्यानं कापलेला पुसला आणि अख्खा ठेवला.

गुरुवारी पारावर दोनशे माणूस होतं. साहेब खुर्चीवर, शेजारी लिहिणारा. कंपनीच्या माणसानं तेच म्हटलं जे भगवानराव म्हणाले होते, शब्दाला शब्द. साहेबांनी विचारलं, पावसाआधीचं काही आहे का कोणाकडे? माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बायांच्या बाजूला अन्नपूर्णा उभी होती, नीट घडी केलेली रिकामी बॅग हातात घेऊन. तिनं सांगितलं, साहेब, माह्याकडे बॅग हाय, पावती हाय, पन शेत मोडलं अन् व्हिडिओ नाई राह्यला. कंपनीचा माणूस हसला नाही, पण मान मात्र हलवली त्यानं.

तेव्हा गफ्फार पुढे आला. म्हणाला, व्हिडिओ माह्याकडे हाय.

आवाज सगळ्यांना जावा म्हणून भगवानरावांनी त्याच्या हातातून फोन घेतला, प्लास्टिकची पिशवी काढली आणि फोन ग्रामपंचायतीच्या माइकपुढे धरला. जो आवाज गफ्फारनं मशीनखाली दाबला होता तो अख्ख्या गावावर, देवळावर, मशिदीवर, आजूबाजूच्या शेतांवर गेला. 'रामराम मंडळी' पासून 'तुमी सांगा सगळ्याइले' पर्यंत. साहेबांनी तारीख पाहिली. तेरा जून. लिहिणाऱ्यानं लिहिली. कंपनीच्या माणसानं फोन काढून बाजूला जाऊन कोणाला तरी लावला. काम झालं होतं.

मग सगळ्यांनी गफ्फारकडे पाहिलं, कारण शेवटचं वाक्य त्याच्या नावाचं होतं. त्यानं माइक घेतला. त्यानं सांगितलं की मशीन चालू होतं, ऐकू आलं नाही, बॅग पाहून मी जाहिरात समजलो, बाईला चोर ठरवलं, माझी चूक झाली, मला माफ करा. आणि लोक, काय सांगू, लोक चांगले असतात हो. कोणी ओरडलं नाही. एक जण म्हणाला, मशीनपुढे बसनाऱ्याची चुकी होतेच. दुसरा म्हणाला, कबूल तरी केलं. भगवानरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचं आठ एकर गेलं होतं तरी ठेवला. गफ्फारच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं. वाटलं, झालं, एवढंच होतं, उगाच भ्यालो.

अन्नपूर्णा पुढे आली. रागात नव्हती. तिनं साधंच विचारलं, जसं माणूस बसची वेळ विचारतो.

"भाऊ, तुमी हे आयकलं कवा?"

गफ्फारला खोटं बोलता आलं असतं. काल म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं फक्त अमीनाला माहीत होतं, आणि तीही गादीवाल्याच्या घरातली, तिच्या पोटातून ते कधी बाहेर आलं नसतं. पाठीवरचा हात अजून तिथंच होता. माइक तोंडाशी होता.

"वीस तारखेले," तो म्हणाला.

"पाऊस पंचवीसले आला."

"हाव."

"अन् हे तुमच्या दुकानात माफी मागाले आले, ते?"

"बावीसले."

पाठीवरचा हात निघाला. रागानं झटकून नव्हे, हळूच. लिहिणाऱ्यानं साहेबांकडे पाहिलं, हेही लिहायचं का म्हणून. अन्नपूर्णाच म्हणाली, लिहा साहेब, तिन्ही तारखा लिहा. लिहिणाऱ्यानं लिहिल्या. तिनं सही केली, बॅग आणि पावती त्यांच्यापुढे ठेवली आणि बायांत जाऊन उभी राहिली.

दयाराम मागे लिंबाखाली होता. तो पुढे आला नाही. त्यानं खिशातून फोन काढला, थोडा वेळ त्यात पाहिलं, पुन्हा खिशात ठेवला आणि मक्याच्या शेताकडे निघून गेला.

भगवानरावांनी गफ्फारचा फोन परत दिला. पिशवीत घालून न देता तसाच. ग्रुप कोणी सोडला तर ते बाकीच्यांना कळत नाही, फक्त ॲडमिनला दिसतं. गफ्फारनं ग्रुप उघडला. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, दयाराम बाहेर पडले म्हणून.